घरगुती धुलाई आणि सौर वीज

कपडे धुणे हे घरकामातील अत्यंत कष्टाचे, परंतु फारशी दखल न घेतले जाणारे काम होय. पाणवठ्यावर अथवा मोरीत उकिडवे बसून कपडे भिजवणे, साबण लावणे, धोपटणे, खंगाळणे, पिळणे आणि वाळत घालणे या साऱ्या क्रिया घरातील स्त्रीला बहुधा दररोज कराव्या लागतात. केंद्रीय सांख्यिकी यंत्रणेने २०१९ साली देशभर केलेल्या वेळ-वापर पाहणीत असे आढळून आले की, विनामोबदला घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. या जवळजवळ पाच तासांमध्ये स्वयंपाक, झाडलोट, भांडी यांबरोबर धुणेही येते. शेतमजुरीला जाणारी स्त्री हे काम पहाटे उरकते किंवा सायंकाळी थकून आल्यावर करते. घरातील मुलगी मोठी असेल तर ते तिच्यावर पडते आणि तिच्या अभ्यासाचा वेळ त्यात जातो.

धुलाईयंत्र आज शहरापुरते मर्यादित राहिलेले नाही. निमशहरी भागात आणि मोठ्या गावांतूनही ते दिसू लागले आहे. तथापि वीज अनियमित असणे, दाब कमी-जास्त होणे आणि बिलाची धास्ती या कारणांमुळे घेतलेले यंत्रही काही ठिकाणी कोपऱ्यात पडून राहते. दुसरीकडे घराच्या छपरावर सौर पॅनेल बसविण्याचे प्रमाण वाढत आहे. यास्तव हे यंत्र, इस्त्री आणि धुलाईशी संबंधित इतर साधने सौर विजेवर कितपत चालू शकतात, त्यासाठी किती क्षमतेची यंत्रणा लागते आणि कोठे चूक होण्याचा संभव असतो, याचा विचार करणे उपयुक्त ठरेल. ग्रामपंचायती, आश्रमशाळा, वसतिगृहे आणि स्वयंसहायता गट यांच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा आहे.

प्रकाशापासून वीज

प्रकाश पडल्याने काही पदार्थांत विद्युत दाब निर्माण होतो, ही गोष्ट फ्रेंच शास्त्रज्ञ बेकरेल यांनी १८३९ साली दाखवून दिली. तिचा व्यवहारात उपयोग होण्यास मात्र शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला कामचलाऊ सौर घट तयार झाला. त्यावर पडणाऱ्या प्रकाशातील सुमारे ६ टक्के ऊर्जेचेच विजेत रूपांतर होत असे. आज बाजारात मिळणाऱ्या चांगल्या पॅनेलमध्ये हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून थोडे अधिक असते.

पॅनेलमधून मिळणारी वीज एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी असते. घरातील यंत्रे मात्र २३० व्होल्ट दाबाच्या एसी विजेवर चालतात. हा बदल घडवून आणण्याचे काम इन्व्हर्टर करतो. पॅनेल, इन्व्हर्टर, आवश्यक तेथे बॅटरी आणि या सर्वांना जोडणारी वायरिंग व सुरक्षा साधने मिळून सौर यंत्रणा तयार होते.

आपल्या राज्यात १ किलोवॉट क्षमतेच्या पॅनेलपासून वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट वीज मिळते, असे धरून चालण्यास हरकत नाही. उन्हाळ्यात ती अधिक, तर पावसाळ्यात बरीच कमी असते. अशा यंत्रणेसाठी साधारणतः १० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा हिशेबात घ्यावी. पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे असावे आणि त्याचा उतार त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका, म्हणजे महाराष्ट्रात साधारणपणे १६ ते २२ अंशांचा ठेवावा.

ताकद आणि साठा

सौर विजेचा विचार करताना बहुतेकांचा घोटाळा वॉट आणि युनिट या दोन मापांमध्ये होतो. विहिरीचे उदाहरण घेतल्यास हा फरक सहज ध्यानात येईल. विहिरीत पाणी किती आहे ही एक गोष्ट आणि त्यावरील नळातून एका वेळी किती पाणी बाहेर पडू शकते ही दुसरी. विहीर तुडुंब भरलेली असली तरी नळ अरुंद असेल तर एकदम मोठा प्रवाह मिळणार नाही. वॉट हे त्या क्षणाच्या प्रवाहाचे, म्हणजे ताकदीचे माप आहे. युनिट हे एकूण वापरलेल्या ऊर्जेचे माप आहे. १००० वॉटचे साधन एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते.

धुलाईयंत्राच्या बाबतीत या फरकाला फार महत्त्व आहे. दोन टबांचे अर्धस्वयंचलित यंत्र धुताना साधारणतः ३०० ते ४०० वॉट आणि पिळताना त्याहून कमी वीज घेते. ते थांबून थांबून फिरत असल्यामुळे थंड पाण्यात एक घाणा धुऊन, खंगाळून आणि पिळून काढण्यास ०.१ युनिटच्या आसपासच वीज लागते. पूर्ण स्वयंचलित यंत्राला थंड पाण्याच्या एका फेरीस ०.१५ ते ०.३ युनिट पुरते. दिवसाला ४ युनिट देणाऱ्या १ किलोवॉट यंत्रणेच्या मानाने हा खर्च अगदी किरकोळ होय. म्हणजे साठ्याच्या दृष्टीने अडचण काहीच नाही.

अडचण येते ती ताकदीच्या बाबतीत. साध्या इंडक्शन मोटारीला सुरू होण्याच्या क्षणी नेहमीच्या पाच ते सहा पट प्रवाह लागतो. हा झटका एका सेकंदापेक्षाही कमी काळ टिकतो; तथापि ३५० वॉटची मोटार त्या क्षणी १८०० ते २००० व्होल्ट-अँपिअरची मागणी करू शकते. दिवे आणि पंखे यांच्यासाठी घेतलेला लहान इन्व्हर्टर अशा वेळी बंद पडतो. धुलाईयंत्राची मोटार फिरताना पुन्हा पुन्हा थांबते आणि उलट दिशेने सुरू होते, म्हणून हा झटका एका घाण्यात कितीतरी वेळा बसतो. यासाठी इन्व्हर्टर निवडताना त्याची सततची क्षमता आणि क्षणिक भार पेलण्याची क्षमता या दोन्हींची चौकशी करावी. तो शुद्ध साइन वेव्ह प्रकारचा असणेही आवश्यक आहे. चौकोनी लहरींच्या स्वस्त इन्व्हर्टरवर मोटार घुमते, तापते आणि तिचे आयुष्य कमी होते. अलीकडच्या काही यंत्रांत ब्रशविरहित मोटार असते. तिचा वेग इलेक्ट्रॉनिक मंडलाने हळूहळू वाढविला जात असल्यामुळे सुरुवातीचा झटका बराच सौम्य असतो. सौर विजेवर चालविण्यासाठी नवे यंत्र घ्यावयाचे असल्यास अशा यंत्राला प्राधान्य देणे श्रेयस्कर ठरते.

उष्णतेचा हिशेब

मोटारीची गरज अशी माफक असताना धुलाईचे बिल फुगते ते कशामुळे, याचे उत्तर उष्णतेत आहे. समोरून कपडे घालावयाच्या यंत्रांत पाणी तापविण्यासाठी सुमारे २००० वॉटचा हीटर असतो. समजा, एका धुण्यासाठी १५ लिटर पाणी २५ अंशांपासून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावयाचे आहे. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. त्यानुसार येथे १५ गुणिले ३५, म्हणजे ५२५ किलोकॅलरी लागतील. एका युनिटमधून ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते. म्हणजे केवळ पाणी तापविण्यासाठी ०.६ युनिट वीज खर्ची पडते. यंत्राचे आणि कपड्यांचे तापणे व वाया जाणारी उष्णता धरली तर हा आकडा आणखी वाढतो. तेवढ्या विजेत अर्धस्वयंचलित यंत्रावर थंड पाण्यातील पाच-सहा घाणे निघाले असते.

कपडे वाळविण्याच्या विद्युत यंत्राची गोष्ट याहूनही पुढची आहे. पाच किलो सुती कपडे पिळून काढल्यावरही त्यांत सुमारे तीन लिटर पाणी शिल्लक राहू शकते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. तीन लिटरचे १७४० किलोकॅलरी, म्हणजे किमान २ युनिट झाले. साध्या हीटरच्या यंत्रात प्रत्यक्ष खर्च त्याहून बराच अधिक येतो. १ किलोवॉटच्या सौर यंत्रणेची दिवसभराची बहुतेक कमाई एका घाण्याच्या वाळवणीत संपेल. अंगणातील दोरीवर हेच काम ऊन आणि वारा काही न घेता करून देतात.

या हिशेबातून एक साधे सूत्र हाती येते. सूर्याकडून जे काम थेट होऊ शकते, ते विजेच्या वाटेने फिरवून आणू नये. पॅनेल उन्हातील ऊर्जेपैकी साधारण पाचव्या हिश्श्याची वीज करते. छपरावरील सौर बंबाचे संग्राहक त्याच उन्हातील निम्म्याच्या आसपास ऊर्जा उष्णतेच्या रूपाने पाण्यात उतरवतात. यास्तव गरम पाण्यासाठी सौर बंब, वाळवणीसाठी दोरी आणि मोटार फिरविण्यासाठी सौर वीज, अशी कामाची वाटणी करणे हिताचे होय. अर्धस्वयंचलित यंत्रात सौर बंबाचे कोमट पाणी बादलीने ओतता येते. मात्र यंत्राच्या माहितीपत्रकात दिलेल्या तापमानाची मर्यादा ओलांडू नये. पूर्ण स्वयंचलित यंत्राला गरम पाण्याची नळी जोडण्यापूर्वी त्याची तशी सोय आहे की नाही हे पाहावे. रोजच्या वापरातील बहुतेक कपड्यांना थंड पाणी आणि त्यात विरघळणारी पावडर पुरेशी असते. आजारी माणसाची अंथरुणे, तान्ह्या मुलांचे कपडे यांच्यासाठीच गरम पाण्याची खरी गरज भासते.

पावसाळ्यात दोरी उपयोगी पडत नाही, हा आक्षेप विशेषतः कोकण आणि घाटमाथ्यावर रास्त आहे. अशा वेळी यंत्राच्या पिळण्याच्या क्रियेचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा. वेगाने फिरवून पाणी बाहेर फेकण्यास लागणारी वीज ही तेच पाणी वाफ करून घालविण्यास लागणाऱ्या विजेच्या मानाने नगण्य असते. हाताने पिळलेल्या जाड सुती कपड्यात जवळजवळ त्याच्या वजनाइतके पाणी राहते. चांगल्या यंत्रातून काढलेल्या कपड्यात ते निम्म्याच्या सुमारास येते. असे कपडे पडवीत वाऱ्यावरही पुष्कळ लवकर वाळतात.

यंत्रणेचे तीन प्रकार

घरगुती सौर यंत्रणा मुख्यत्वे तीन प्रकारच्या असतात. कोणता प्रकार निवडला यावर धुलाईयंत्र केव्हा आणि कसे चालेल हे अवलंबून असते.

पहिला प्रकार वीज जाळ्याला जोडलेल्या यंत्रणेचा. यात बॅटरी नसते. दिवसा तयार झालेली वीज घरात वापरली जाते, उरलेली जाळ्यात जाते आणि कमी पडल्यास जाळ्यातून घेतली जाते. दोन्हीकडचा हिशेब नेट मीटरवर होतो. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने यासंबंधीचे विनियम प्रथम २०१५ साली आणि नंतर २०१९ साली केले. हा प्रकार सर्वांत स्वस्त असून २००० वॉटचा हीटर किंवा मोटारीचा झटका यांची त्यात चिंता राहत नाही, कारण कमी पडलेली ताकद जाळे पुरविते. परंतु त्याची एक मर्यादा ग्राहकाला पुष्कळदा आधी सांगितली जात नाही. गावची वीज गेली की भर उन्हातही ही यंत्रणा बंद पडते. हा दोष नसून मुद्दाम केलेली योजना आहे. वीज बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या कामगाराला छपरावरील विजेचा धक्का बसू नये, यासाठी इन्व्हर्टर आपोआप थांबतो. ज्या गावात दिवसा अनेक तास वीज नसते, तेथील कुटुंबाने ही बाब पैसे भरण्यापूर्वीच समजून घेणे अगत्याचे आहे.

दुसरा प्रकार स्वतंत्र यंत्रणेचा. जेथे वीज पोहोचलेली नाही अशा वाड्या, पाडे आणि शेतावरील वस्त्या यांना तो उपयुक्त आहे. यात बॅटरी अपरिहार्य असते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या दोन शिसे-आम्ल बॅटऱ्यांत ३.६ युनिट साठा असतो. परंतु बॅटरी टिकावी यासाठी त्यातील निम्माच, म्हणजे १.८ युनिट वापरावा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतील ८० टक्के किंवा अधिक साठा वापरता येतो आणि ती अधिक काळ टिकते; तिची किंमत मात्र जास्त असते. तिसरा प्रकार मिश्र, म्हणजे हायब्रिड यंत्रणेचा. ती जाळ्यालाही जोडलेली असते आणि वीज गेल्यावर बॅटरीच्या आधारे निवडक साधने चालू ठेवते. तिचा खर्च दोहोंपेक्षा अधिक येतो.

एका कुटुंबाचे उदाहरण

पाच माणसांच्या, स्वतंत्र यंत्रणा असलेल्या एका शेतकरी कुटुंबाचा नमुन्यादाखल हिशेब मांडता येईल. छपरावर १ किलोवॉटचे पॅनेल, २ किलो-व्होल्ट-अँपिअरचा शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि वर सांगितलेल्या दोन बॅटऱ्या आहेत. रोजचा खर्च पुढीलप्रमाणे होईल :

अर्धस्वयंचलित धुलाईयंत्राचे दोन घाणे : ०.२ युनिट
१००० वॉटच्या इस्त्रीचा अर्धा तास वापर : सुमारे ०.३ युनिट
पाच एलईडी दिवे, ९ वॉटचे, पाच तास : सुमारे ०.२ युनिट
दोन पंखे, ३० वॉटचे, दहा तास : ०.६ युनिट
दूरदर्शन संच व भ्रमणध्वनीची चार्जिंग : सुमारे ०.३ युनिट

एकूण बेरीज १.६ युनिट होते. इन्व्हर्टर आणि बॅटरीतील घट धरूनही ती ४ युनिटच्या उत्पादनात सहज बसते. पावसाळ्यात उत्पादन निम्म्याच्या आसपास आले तरी घर चालते. धुलाईचा वाटा यात आठव्या हिश्श्याइतकाच आहे. अशा कुटुंबाने दोन नियम पाळावेत. पहिला असा की, धुलाई सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेत करावी. त्या वेळी यंत्र सरळ पॅनेलच्या विजेवर चालते. बॅटरीत वीज भरून पुन्हा काढण्यात होणारा तोटा टळतो आणि कपडेही उन्हात वाळतात. दुसरा नियम असा की, यंत्र आणि इस्त्री एकाच वेळी चालवू नये. १ किलोवॉटचे पॅनेल कडक उन्हात प्रत्यक्षात ७०० ते ८०० वॉटच देते, कारण पॅनेल तापले की त्याचे उत्पादन दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते आणि धुळीचाही परिणाम होतो. भर उन्हात सर्वाधिक वीज मिळेल हा समज त्यामुळे पूर्णपणे खरा नाही.

इस्त्रीचा व्यवसाय

धुलाईइतकाच इस्त्रीचाही विचार व्हावयास हवा. परीट समाजातील अनेक कुटुंबे आणि शहरांतील असंख्य हातगाडीवाले आजही कोळशाच्या इस्त्रीवर उदरनिर्वाह करतात. स्वच्छतेचा मंत्र ज्यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी नेला, त्या संत गाडगेबाबांचा जन्मही १८७६ साली परीट कुटुंबातच झाला होता. कोळशाच्या धुराचा आणि धगीचा त्रास कारागिराला रोज सोसावा लागतो. तमिळनाडूतील तिरुवण्णामलै येथील विनिशा उमाशंकर या शाळकरी मुलीने सौर पॅनेल बसविलेल्या इस्त्रीच्या गाडीची कल्पना मांडली. तिला २०२० साली स्वीडनमधील मुलांसाठीचा हवामान पुरस्कार मिळाला आणि २०२१ साली ग्लासगो येथील जागतिक हवामान परिषदेत तिने भाषणही केले.

या कल्पनेचे स्वागत करतानाच तिचा हिशेबही ध्यानात ठेवावा. १००० वॉटची इस्त्री तापून बंद होते आणि थंडावली की पुन्हा सुरू होते. ती निम्मा वेळ वीज घेते असे धरले, तरी आठ तासांच्या धंद्याला ४ युनिट लागतात. म्हणजे १ किलोवॉट पॅनेलचे संपूर्ण दिवसाचे उत्पादन आणि त्याच्या जोडीला पुरेशी बॅटरी हवी. लहानशा गाडीवर १० चौरस मीटरचे पॅनेल मावत नाही. म्हणून गाडीवरील पॅनेलबरोबर घरच्या अथवा सार्वजनिक छपरावर बॅटरी भरून घेण्याची सोय करणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. उपजीविकेसाठी नवीकरणीय ऊर्जेवर चालणाऱ्या साधनांना चालना देण्याचा आराखडा केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०२२ साली जाहीर केला आहे. अशा कारागिरांचा विचार त्या चौकटीत करता येण्याजोगा आहे.

सामुदायिक धुलाई केंद्र

प्रत्येक घरात यंत्र आणि प्रत्येक छपरावर पॅनेल ही स्थिती येण्यास वेळ लागेल. तोपर्यंत ग्रामपंचायतीच्या किंवा समाजमंदिराच्या छपरावर यंत्रणा बसवून एखाद्या महिला स्वयंसहायता गटाकडे धुलाई केंद्र सोपविता येईल. २ किलोवॉटच्या यंत्रणेतून दिवसाला सुमारे ८ युनिट मिळतील. दोन यंत्रांवर थंड पाण्याचे दहा घाणे काढले तरी पूर्ण स्वयंचलित यंत्रांच्या हिशेबाने २ ते ३ युनिट लागतात. उरलेल्या विजेवर दोन-तीन तास इस्त्री, केंद्रातील दिवे आणि पंखे चालू शकतात.

या ठिकाणी वीज पुरते, परंतु पाण्याचा प्रश्न उभा राहतो. वरून कपडे घालावयाच्या यंत्राला एका घाण्यासाठी शंभर लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी लागू शकते. समोरून कपडे घालावयाच्या यंत्राला त्याच्या निम्म्याच्या आसपास पुरते. दहा घाण्यांचे एक हजार लिटर पाणी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला परवडणार नाही. म्हणून केंद्राची आखणी पॅनेलच्या संख्येपासून नव्हे, तर पाण्याच्या उपलब्धतेपासून सुरू करावी. खंगाळण्याचे शेवटचे पाणी पुढच्या घाण्याच्या धुण्याला वापरता येते. अर्धस्वयंचलित यंत्रात हे सहज साधते. केंद्रातून बाहेर पडणारे साबणाचे पाणी पिण्याच्या विहिरीपासून दूर, गाळणीची सोय असलेल्या शोषखड्ड्यात सोडावे. ते उघड्या गटारात सोडले तर एका घाणीच्या जागी दुसरी घाण निर्माण होईल.

आश्रमशाळा आणि वसतिगृहे यांना अशा केंद्राचा लाभ अधिक होईल. विद्यार्थ्यांचे कपडे आणि विशेषतः चादरी-पांघरुणे नियमित धुतली गेल्यास खरजेसारख्या त्वचारोगांना आळा घालणे सोपे जाते. तेथे सौर बंब असल्यास त्याच्या गरम पाण्याचा चादरींसाठी उपयोग करता येतो. विज्ञानाच्या शिक्षकांना वॉट आणि युनिट, उष्णता आणि बाष्पीभवन हे धडे या यंत्रांच्या आधारे प्रत्यक्ष शिकविता येतील. एका घाण्यापूर्वी आणि नंतर मीटरची नोंद घेणे, पिळलेल्या कपड्यांचे ओले आणि कोरडे वजन करून पाण्याचे प्रमाण काढणे, हे प्रयोग आठवीच्या विद्यार्थ्यालाही करता येतात.

अनुदान आणि अनुभव

पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरांवर सौर यंत्रणा बसविण्याचे तिचे उद्दिष्ट असून त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे. तिच्या अंतर्गत २ किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटसाठी १८,००० रुपये, याप्रमाणे जास्तीत जास्त ७८,००० रुपये केंद्रीय अनुदान ठरविण्यात आले. हे अनुदान जाळ्याला जोडलेल्या घरगुती यंत्रणेसाठी आहे, ही गोष्ट ग्रामस्थांना सांगताना स्पष्ट करावी.

गुजरातमधील सूर्यमंदिरासाठी प्रसिद्ध असलेले मोढेरा हे गाव ऑक्टोबर २०२२ मध्ये देशातील पहिले चोवीस तास सौर विजेवर चालणारे गाव म्हणून जाहीर झाले. तेथे तेराशेहून अधिक घरांवर प्रत्येकी १ किलोवॉटची यंत्रणा आणि जोडीला मोठी बॅटरी व्यवस्था आहे. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरले.

यशाबरोबर अपयशाची नोंद घेणेही तितकेच आवश्यक आहे. बिहारमधील जहानाबाद जिल्ह्यातील धरणाई गावात २०१४ साली १०० किलोवॉटचे स्वतंत्र सौर जाळे उभारण्यात आले. त्याचा मोठा गाजावाजा झाला. पुढे नेहमीची वीज गावात आली, काही वर्षांत बॅटऱ्या निकामी झाल्या आणि त्या बदलण्याची व्यवस्था नसल्याने ते जाळे बंद पडले. पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षांचे मानले जाते. बॅटरीचे आणि इन्व्हर्टरचे तेवढे नसते. ज्या संस्थेने बॅटरी बदलण्याचा निधी पहिल्या दिवसापासून बाजूला काढला नाही, तिची यंत्रणा पहिली बॅटरी संपताच थांबते. धुलाई केंद्राने प्रत्येक घाण्यामागे घेतलेल्या शुल्कातील ठराविक हिस्सा या निधीत टाकावा आणि तो अन्य कामासाठी काढू नये.

सुरक्षितता आणि निगा

धुलाईच्या जागी पाणी आणि वीज एकत्र येतात. त्यामुळे यंत्राला पक्के अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरवर तुटणारा गळती-संरक्षक स्विच बसविणे हा खर्च टाळण्याजोगा नाही. यंत्र ओल्या फरशीवर न ठेवता ओट्यावर ठेवावे. पॅनेलकडून येणाऱ्या तारांत ऊन असेपर्यंत वीज असतेच आणि अनेक पॅनेल एकापुढे एक जोडलेली असल्यास तिचा दाब कित्येकशे व्होल्ट असू शकतो. या जोडण्या प्रशिक्षित माणसाखेरीज कोणीही उघडू नयेत. वादळी पावसाच्या प्रदेशात वीजरोधक आणि पॅनेलचे मजबूत सांगाडे हवेत.

पॅनेलची धूळ आठवड्या-पंधरवड्याने सकाळी लवकर, पॅनेल थंड असताना पुसावी. तापलेल्या काचेवर एकदम थंड पाणी टाकू नये. क्षारयुक्त पाण्याचे डाग काचेवर बसतात आणि यंत्राच्या हीटरवरही त्याचे थर जमतात. शिसे-आम्ल बॅटरीतील पाण्याची पातळी दरमहा तपासून त्यात शुद्ध केलेले पाणीच घालावे. ही कामे अवघड नाहीत. परंतु ती कोणी करावयाची हे ठरलेले नसेल तर ती होत नाहीत. पंचायतीने या जबाबदारीसाठी एका व्यक्तीचे नाव ठरावात लिहून ठेवावे.

सौर विजेवर धुलाईयंत्र चालू शकते की नाही, हा प्रश्न आता शिल्लक राहिलेला नाही. यंत्राची मोटार फिरविण्यास लागणारी वीज इतकी थोडी आहे की, ती एका लहान छपरावरही मिळू शकते. योग्य इन्व्हर्टर, दुपारची वेळ, थंड पाणी, उन्हातील दोरी आणि नियमित निगा एवढ्या गोष्टी सांभाळल्या म्हणजे पुरे. सौर पंपाचा आणि रस्त्यावरील सौर दिव्याचा ठराव ग्रामसभेत जितक्या सहजतेने मांडला जातो, तितक्याच सहजतेने धुण्याच्या कष्टाचा विषयही मांडला जावा. तो मांडण्याची संधी ज्यांना हे कष्ट रोज करावे लागतात, त्या स्त्रियांना महिला ग्रामसभेत मिळाली, तर केंद्र कोठे असावे, पाणी कोठून यावे आणि ते कोणत्या वेळी चालावे, याची अचूक उत्तरे त्यांच्याकडूनच मिळतील.